भुंगा आणि कमळाची कळी



ज्ञानेश्वरीच्या पारायणात पहिला अध्याय पुष्कळदा केवळ प्रस्तावना समजून भरभर वाचला जातो. आम्हीही कित्येक वर्षे तसेच करीत आलो. परंतु शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवासे येथे सिद्ध झालेल्या या ग्रंथात दृष्टांत कसा योजावा, हे शिकावयाचे तर याच अध्यायापाशी थांबले पाहिजे.

प्रसंग सर्वश्रुत आहे. उभय सैन्यांमध्ये रथ उभा राहतो, आणि समोर पितामह, गुरू व बंधू पाहून अर्जुनाचे अंतःकरण द्रवते. आपल्यासारख्याने येथे काय लिहिले असते? भ्यालेले हरिण, नाहीतर वाऱ्याने थरथरणारे पान! ज्ञानदेवांनी भुंगा निवडला. कोरडे, कठीण लाकूड लीलेने पोखरणारा हा जीव कोवळ्या कळीत सापडतो. प्राण गेला तरी पाकळी चिरणे त्यास ठाऊक नसते.

हरिण म्हटले असते तर अर्जुन भित्रा ठरता, आणि किरातरूपी शंकराशी झुंजलेल्या वीरावर तो अन्याय होता. भुंग्याचे बळ तसूभरही उणे झालेले नाही. समोर स्नेह आहे म्हणून ते चालत नाही, एवढेच. भित्र्यास धीर दिला की पुरे होते. स्नेहात गुंतलेल्यास मात्र गीतेचे पुढचे सतरा अध्याय लागतात!

उत्सवप्रसंगी आपली मुलेमुली देवावर कविता रचतात, याचा आम्हांस आनंदच आहे. पण एका ओळीत देव सागर, दुसरीत पर्वत, तिसरीत दीप! तरुणपणी आम्हीही असेच लिहीत असू. तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी विचारले, “सागर म्हटलेस खरा, पण त्यात भिजले कोण?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

याच अध्यायाच्या आरंभीचा गणेश पाहावा. अवघे वाङ्मय म्हणजे ती मूर्ती: अकार चरण, उकार उदर, मकार मस्तक, तर्क हा परशू, वेदान्त हा मोदक. रूपक एकदा हाती धरले, ते शेवटच्या आयुधापर्यंत सोडले नाही. भुंग्याचे काम मात्र दोन-चार ओव्यांत आटोपले, कारण तेथे तेवढेच हवे होते.

ज्यांच्या जुन्या घरांना अजून लाकडी तुळया आहेत, त्यांनी भुंग्याने पाडलेले ते वाटोळे छिद्र मुलांस अवश्य दाखवावे, बोट घालून पाहू द्यावे, आणि मग त्या ओव्या मोठ्याने वाचाव्यात.