गोजुलसचा जीव कशात?

राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, हे मराठी घरात गोष्टी ऐकत वाढलेल्या कुणालाही वेगळं सांगावं लागत नाही. गोजुलसचा पोपट शोधायला मात्र सात समुद्र ओलांडायला नकोत. त्याचं खोकं उघडलं की पुरे.

गोजुलस हा जपानच्या टॉमी कंपनीचा यांत्रिक डायनासोर. 1982 साली टॉमीने ‘मेकाबोनिका’ या नावाने चावीवर चालणारे छोटे प्राणी आणले. पुढच्या वर्षी त्यांचं बारसं ‘झोइड्स’ असं झालं. 1984 चा गोजुलस त्यांच्यातला दांडगा, बॅटरीवर चालणारा. ब्रिटनमध्ये तो ‘झोइडझिला’ म्हणून विकला गेला. उभा ताठ, शेपूट मागे टेकलेली, अगदी न्यूयॉर्कच्या संग्रहालयाने 1915 साली उभ्या केलेल्या टायरॅनोसॉरसच्या सांगाड्यासारखा. ती ठेवण चुकीची होती हे विज्ञानाने पुढे मान्य केलं. गोजुलस आपला अजून तसाच उभा आहे, आणि खरं तर तो तसाच शोभतो.

खोक्यात डायनासोर नसतोच. चौकटींना चिकटलेले प्लास्टिकचे सुटे भाग, इवल्याशा रबरी टोप्या आणि आधीच जोडून बंद केलेली मोटरची पेटी. गोंद नाही, रंग नाही. भाग चौकटीतून तोडायचा, दांडीत दांडी घालायची, वर टोपी दाबायची. पाय लागतात, जबडा लागतो, आणि बटण दाबताच घर्रर्र आवाज करत तो चालू लागतो. आता विचारावं, गोजुलस नेमका कधी आला? कितव्या टोपीला?

हाच प्रश्न दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका ग्रीक राजापुढे निघाला होता, असं ‘मिलिंदपन्ह’ हा पाली ग्रंथ सांगतो. मिलिंद राजा, म्हणजे मिनँडर, रथात बसून आला होता. भिक्षू नागसेनाने त्याला विचारलं, आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? सगळ्याला उत्तर एकच, ‘नाही’. मग हे सगळं वगळून उरतो तो रथ? तेही नाही. ‘रथ’ हे या भागांच्या आधाराने चालणारं एक नाव, इतकंच; आणि ‘नागसेन’ हेही तसंच. झोइड जोडणाऱ्या दहा वर्षांच्या पोराला पाली येत नसेल, पण रिकाम्या चौकटींकडे पाहताना तो नागसेनाच्या फार जवळ बसलेला असतो.

गंमत अशी की झोइड्सच्या पुढच्या कथांना हे उत्तर पटलं नाही. त्यांत झोइड हे धातूचे सजीव प्राणी ठरले आणि प्रत्येकाच्या आत एक गाभा आला, त्यात जीव. म्हणजे पुन्हा पोपटच! खेळण्यात त्या जागी चार दातेरी चाकं फिरत असतात.

जपानी परंपरेला मात्र निर्जीवाशी असलेलं नातं मानायला असा गाभा लागत नाही. टोकियोच्या सेन्सोजी देवळात 8 फेब्रुवारीला मोडक्या सुया मऊ टोफूत खोचून त्यांना निरोप देतात. खंडेनवमीला पान्याला हळदकुंकू वाहणाऱ्यांना यात नवल वाटू नये. पण आपण चालत्या अवजाराला पूजतो, ते थकलेल्याला. यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी तर यंत्रमानवातही बुद्धत्व असतं असं पुस्तक लिहून मांडलं.

सोनीने ‘आयबो’ हा यंत्रकुत्रा 2006 साली बंद केला आणि 2014 साली त्याची दुरुस्तीही. त्यानंतर चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या कोफुकुजी या बौद्ध मंदिरात आयबोंचे अंत्यविधी सुरू झाले. कुत्रे ओळीने मांडतात, गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी, समोर धूप, वर मंत्रपाठ. विधी आटोपला की ते जातात दुरुस्तीच्या टेबलावर. त्यांचे सुटे भाग काढून दुसऱ्या आजारी आयबोंना बसवतात. मंत्र आधी, स्क्रू-ड्रायव्हर नंतर, हा क्रम कुणी चुकवत नाही.

चाळीस वर्षं जुन्या गोजुलसची रबरी टोपी वाळून कडक होते, एखाद्या दिवशी तडकते. मोटर ठणठणीत असते. बटण दाबलं की ती घरघरत राहते, आणि पाय निखळून बाजूला पडतो.