दोनशे रुपयांचा मालडबा

“हा तूच घेऊन जा रे, तुला गाड्यांचं वेड आहे ना. दोनशे दे. भंगारवाला तेवढेही देणार नाही.”

शेजारच्या काकूंचा वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय. जुन्या पनवेलमध्ये सध्या हे रोजचंच. माळा रिकामा करताना त्यांना हा पत्र्याचा, खेळण्यातला मालडबा सापडला. सासऱ्यांनी कधीतरी मुंबईहून आणलेला. मी तो उलटा केला आणि छातीत धडधडायला लागलं. खालची चौकट नट-बोल्टनं जोडलेली होती.

सांगतो. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं १९२० मध्ये हॉर्नबी गाड्या काढल्या. मेकॅनो म्हणजे नट-बोल्टनं जोडायची खेळणी. म्हणून सुरुवातीचे डबेही तसेच, खोलून पुन्हा जोडता येणारे. पुढच्या डब्यांत पत्र्याच्या जिभा वाकवून जोड दिलेला असतो. वरून पाहिलं तर दोन्ही सारखेच वाटतात, पण आमच्यासारख्या वेड्यांना दोन्ही हवे असतात. अमेरिकेत लायनेलच्या ६४६४ मालिकेतल्या डब्यांसाठी लोक रंगाची छटा आणि दाराचा साचासुद्धा तपासतात. माझ्याकडे जिभांचा डबा होता, नट-बोल्टचा नव्हता. आणि त्याची किंमत दोनशेच्या कित्येक पट आहे, हे मला माहीत होतं.

मी दोनशे रुपये दिले आणि घरी आलो.

रात्री स्वतःची वकिली सुरू केली. किंमत त्यांनीच सांगितली. मी खोटं बोललो नाही. शिवाय हे ओळखायला मी कित्येक वर्षं घालवलीत, त्याचे पैसे नकोत का? ऑफिसात क्लायंट मला माझ्या माहितीचेच पैसे देतो.

पण ऑफिसातल्या आणि वाड्यातल्या व्यवहारात एक फरक होता. क्लायंटला ठाऊक असतं की मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तर तो येतो. चोरबाजारातला दुकानदारही गिऱ्हाईक जाणकार असू शकतं हे धरूनच भाव सांगतो. काकूंना इथे काही कळण्यासारखं आहे, हेच माहीत नव्हतं. प्रश्नच दिसत नसेल तर माणूस विचारणार काय?

रोमचा सिसेरो इसवी सनापूर्वी ४४ मध्ये कर्तव्यांवर लिहीत होता. त्यात नेमका हाच पेच आहे: एखादा माणूस सोनं पितळ समजून विकत असेल, तर सज्जनानं त्याला सांगावं, की हजाराची वस्तू एका नाण्यात घ्यावी? त्याआधीच्या दोन विचारवंतांचं अशा प्रश्नांवर जमत नव्हतं. डायोजिनीसचं म्हणणं, गप्प राहणं म्हणजे लपवणं नव्हे. अँटिपेटरचं म्हणणं, समोरच्याला सगळं सांगायलाच हवं. सिसेरोचा कल अँटिपेटरकडे.

मला डायोजिनीस पटला असता. पण एकदा मी दुर्मिळ रंगाचा म्हणून एक डबा घेतला होता. घरी भिंगातून पाहिलं तर तो नंतर रंगवलेला निघाला. विकणारा ‘ओरिजिनल आहे’ असं एकदाही म्हणाला नव्हता. मी विचारलं नाही, तो बोलला नाही. तरी महिनाभर मी त्याला चोर म्हणत होतो. मग माझं गप्प राहणं वेगळं कसं?

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेलो आणि काकूंना सगळं सांगितलं. मनात आशा होती की त्या म्हणतील, “असू दे रे, तुझ्याकडेच राहू दे.” मग डबाही माझा आणि झोपही माझी.

काकूंनी चष्मा लावला, डबा उलटा केला, नट-बोल्टवरून बोट फिरवलं.

“अगं बाई! मग नाही हो विकायचा. नव्या घरात शोकेसमध्ये ठेवीन.”

त्यांनी दोनशे रुपये परत दिले, वर चहा पाजला. पैसे घेताना हात जड झाला, खोटं कशाला बोलू. माझ्या शेल्फवर जिभांच्या डब्याशेजारची जागा अजून रिकामी आहे. तिकडे बघून अजूनही जीव हळहळतो. पण काकू जिन्यात भेटल्या की मी मान वर करून बोलतो.