निघालेल्याची वाट

संगणकावर एखादे पान पाहून झाले की कर्सर आपसूक वरच्या कडेकडे सरकतो. टॅब बंद करायची फुली तिथेच असते. संकेतस्थळाला ही हालचाल कळते. कर्सरने पानाची वरची कड ओलांडली की ब्राउझर पानातल्या प्रोग्रॅमला तशी खूण देतो आणि पडद्यावर चौकट उघडते: थांबा, जाऊ नका, दहा टक्के सवलत घ्या, ईमेल द्या. मोबाइलवर कर्सर नसतो, म्हणून तिथे वेगाने उलटा केलेला स्क्रोल, मागे जाण्याचे बटण किंवा काही सेकंदांची स्तब्धता यांवरून अंदाज बांधला जातो. याला एक्झिट पॉप-अप म्हणतात. माझे म्हणणे असे की निघालेल्या माणसाने एक निर्णय घेतलेला असतो. त्या निर्णयाला बिघाड समजून दुरुस्तीला धावणे ही व्यापाराची वाईट रीत आहे. ती असभ्य आहे आणि हिशेबातही चुकते.

हे माणमधल्या लोकांशी बोलावेसे वाटते, त्याला कारण आहे. हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कचा तिसरा टप्पा मुळशी तालुक्यातल्या या गावाच्या जमिनीवर उभा आहे. आयटी पार्कातल्या इमारतींत देशोदेशीच्या ग्राहक-कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिले जाते, तपासले जाते, वर्षानुवर्षे सांभाळले जाते. असली चौकटही कुणाच्या तरी स्प्रिंटमधले एक तिकीट असते. एका ओळीची मागणी, थोडासा कोड. हे असावे का, असे लिहिणाऱ्याला सहसा कुणी विचारत नाही. त्याला विचारले जावे, आणि कुणी विचारले नाही तर त्याने रोजच्या स्टँडअप बैठकीत आपणहून तोंड उघडावे, असे मला कळकळीने वाटते.

निघण्याच्या क्षणावर ताबा कुणाचा, यावरून संकेतस्थळे आणि ब्राउझर यांच्यात फार पूर्वीपासून रस्सीखेच चालू आहे. १९९० च्या दशकात ट्रायपॉड या कंपनीत ईथन झुकरमन यांनी जाहिरातीसाठी वेगळी खिडकी उघडणारा कोड लिहिला. एका मोटार कंपनीला आपली जाहिरात नको त्या मजकुराच्या पानावर दिसल्याचे खटकले होते, म्हणून ही युक्ती निघाली. २०१४ मध्ये ‘द अटलांटिक’मध्ये लेख लिहून झुकरमन यांनी त्याबद्दल माफी मागितली. दरम्यान खिडक्यांचा एवढा सुळसुळाट झाला की ब्राउझर त्या अडवू लागले. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ बरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्येही तो अटकाव आला. एक सोय मात्र उरली होती. पान बंद करताना ब्राउझर ‘खरेच जायचे आहे का?’ असे विचारू शकतो, आणि त्या प्रश्नाचा मजकूर संकेतस्थळाला लिहिता येत असे. अर्धवट भरलेला फॉर्म वाया जाऊ नये, एवढाच तिचा हेतू. त्या जागेत लोकांनी धाक आणि आमिषे भरली. अखेर २०१६ मध्ये क्रोमने आपल्या ५१ व्या आवृत्तीपासून तो मजकूर संकेतस्थळांच्या हातून काढून घेतला. फायरफॉक्सने ते त्याआधीच केले होते. आज तिथे ब्राउझरचे ठरावीक वाक्य येते. पान बंद होण्याचा क्षण असा हातचा जात गेला, तसा त्याच्या आधीचा क्षण हेरण्यावर भर आला.

हा सगळा खटाटोप एका गृहीतकावर उभा आहे: जो गेला तो गमावला. ते कितपत खरे आहे, हे पाहायला माणहून लांब जायला नको. चाकण किंवा भोसरीतल्या एखाद्या लहान कारखान्याचे संकेतस्थळ डोळ्यांसमोर आणा. मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागातला माणूस तिथे बोल्टची ग्रेड, आकार, कोटिंग पाहायला येतो. पाहतो आणि जातो. डिझाइनवाल्याला विचारतो, आणखी दोन व्हेंडरांची पाने चाळतो, पुन्हा येतो, मग एन्क्वायरी पाठवून कोटेशन मागवतो. पीओ, म्हणजे खरेदीचा आदेश, निघेपर्यंत आठवडे उलटतात. त्याचे निघून जाणे हा खरेदीचाच एक टप्पा आहे. तयार साच्यातून उभ्या केलेल्या संकेतस्थळावर याच माणसाला सवलतीची चौकट आडवी येते, तेव्हा त्याला हवे असलेले काहीच तिच्यात नसते. त्याला कमीत कमी किती नग घ्यावे लागतील, माल किती दिवसांत मिळेल आणि फोन कुणाला करायचा, हे हवे असते. ते पानावरच असते तर चौकटीची गरजच पडली नसती.

किरकोळ विक्रीतही याहून फार वेगळे चित्र नाही. डेन्मार्कची बेमार्ड इन्स्टिट्यूट अनेक अभ्यासांची सरासरी काढून सांगते की ऑनलाइन भरलेल्या कार्टपैकी सुमारे ७० टक्के पैसे न भरताच सोडून दिल्या जातात. आकडा ऐकून दुकानदाराच्या पोटात गोळा येतो. पण त्यांच्याच पाहणीनुसार यात मोठा वाटा नुसते पाहायला आलेल्यांचा असतो. त्यांना वगळले तर सर्वांत वर येणारे कारण म्हणजे शेवटी वाढणारा खर्च: डिलिव्हरी, कर, इतर शुल्क. हा खर्च पहिल्याच पानावर दाखवणे हा त्यावरचा सरळ उपाय. तो टाळून निघताना सवलतीचे आमिष दाखवणे म्हणजे दुखणे ठेवून मलम भलतीकडे लावणे.

यावर पुण्यातला कुणीही म्हणेल, तुळशीबागेत काय वेगळे होते? गिऱ्हाईक पाठ फिरवते, दुकानदार हाक मारतो, ‘अहो ताई, या तर खरं, शेवटचा भाव सांगतो.’ आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवे. तिथे दुकानदार समोरचा चेहरा पाहून बोलतो. गिऱ्हाइकालाही हाक येणार हे ठाऊक असते. त्याचे निघणे ही घासाघिशीतलीच एक चाल असते आणि दोघे तो खेळ बरोबरीने खेळतात. शिवाय हाक मारणारा रस्ता अडवत नाही, न थांबणाऱ्याला पुढे जाता येते. चौकट मात्र पूर्ण पान झाकते. बोल्टची ग्रेड पाहणारा, आजारी आईसाठी औषधाची किंमत शोधणारा, चुकून आलेला, सगळ्यांना ती सारखीच भेटते. स्क्रीन रीडरच्या आधाराने पान ऐकणाऱ्या दृष्टिहीन माणसाला तर, चौकट नीट बांधलेली नसेल तर, तिच्यातून सुटायची वाटच सापडत नाही.

आता हिशेबाकडे. चौकट किती जणांनी भरली, हा आकडा डॅशबोर्डवर ठळक दिसतो, आणि त्यावर सगळे खूश असतात. जे एरवीही पूर्ण किमतीत घेणार होते पण कर्सर वर नेला की कूपन मिळते हे शिकले, त्यांना दिलेली सवलतही त्याच आकड्यात यश म्हणून जमा होते. जे वैतागून परत आले नाहीत, ते कुठल्याच रकान्यात नसतात. मिळालेल्या ईमेलचीही तीच गत. सुटका व्हावी म्हणून दिलेल्या पत्त्यावर पाठवलेले पत्र स्पॅममध्येच टाकले जाते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना स्पॅम-तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्याच्या आत ठेवायला लावले आहे. ते ओलांडले तर मनापासून नाव नोंदवलेल्या ग्राहकांनाही पत्र पोचेनासे होते. जबरदस्तीने जमवलेली यादी चांगल्या यादीलाही बुडवते.

कायद्याने या दिशेने अर्धे पाऊल टाकले आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नविरोधी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली आणि त्यांत १३ फसव्या रचना नोंदवल्या. एक्झिट पॉप-अप हे नाव त्या यादीत नाही. पण चौकटीत जे भरले जाते ते आहे: खोटी घाई, नकार देणाऱ्याला ओशाळे करणारी भाषा, नको ते बटण फिकट करणे, पुन्हापुन्हा भंडावणे. ओशाळे करण्याचे तत्त्वांतले उदाहरण विमान-तिकिटाचे आहे: विमा नको असेल तर ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवावे लागते. सवलत नाकारताना ‘नको, मला जास्त पैसे द्यायला आवडतात’ हे बटण दाबायला लावणारी चौकट याच जातीची. २०२४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या अभ्यासात पाहिलेल्या ५३ अ‍ॅपपैकी ५२ मध्ये काही ना काही फसवी रचना सापडली, यावरून रोग किती मुरला आहे ते कळते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ आणखी पुढे जातो. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे तो म्हणतो. येण्याजाण्याच्या वाटा सारख्या रुंद असाव्यात, हे तत्त्व मला या सगळ्या चर्चेत सर्वांत मोलाचे वाटते. ते केवळ संमतीपुरते का असावे?

ते मोडले की काय होते, याचा मोठा दाखला अमेरिकेत आहे. अ‍ॅमेझॉन प्राइमचे सदस्यत्व रद्द करायची वाट इतकी लांबवलेली होती की कंपनीत तिला ‘इलियड’ असे महाकाव्याचे नाव पडले होते. फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये खटला भरला आणि २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरांवर तडजोड झाली. तिथली पानेही कुणा अभियंत्यांनीच बांधली होती, तिकीट आले म्हणून.

माणमधल्या अभियंत्याच्या हातात नोकरी पणाला न लावता करण्याजोगे बरेच आहे. ए/बी चाचणीत ज्यांना चौकट कधीच दाखवली नाही असा एक गट राखून ठेवायला सांगता येते आणि तीन महिन्यांनी दोन्ही गटांतले किती जण परत आले, प्रत्येकी किती निव्वळ रक्कम मिळाली, एवढेच विचारता येते. एकदा ‘नको’ म्हटलेल्याला पुन्हा विचारू नये, ही अट तिकिटातच लिहिता येते. आणि जिथे खरोखर थांबवायला हवे, तिथे नीट थांबवता येते. शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज मोबाइलवर भरणारी मुलगी चुकून मागे गेली, तर तिची अर्ध्या तासाची मेहनत जाणार असते. तिला त्या क्षणी सांगितलेच पाहिजे की भरलेली माहिती जतन झालेली नाही. त्या इशाऱ्यात सवलत नको, ईमेलची मागणी नको. ‘अर्जाकडे परत’ आणि ‘तरीही बाहेर पडा’ ही दोन बटणे असावीत, एकाच आकाराची, एकाच रंगाची.