दुखत नाही, मग कशाला?

अण्णांच्या दाढेवरची कॅप अठरा वर्षांची झाली. दिवाळीत सास्तूरला गेले तेव्हा लक्षात आलं, हिरडी खाली सरकलीय आणि कॅपच्या कडेला काळी रेघ दिसतेय.

"बदलून घ्या की," मी म्हणाले.

"दुखतंय का? न्हाई. मग कशाला उकरायचं?"

हे उत्तर तुमच्याही घरात मिळत असणार. दात असो, छाती असो, नाहीतर स्कूटरचा ब्रेक.

पण त्या दाढेचं रूट कॅनल झालंय, म्हणजे तिची नसच काढलीय. ती दुखणार कशी? कॅपच्या कडेतून कीड आत शिरली तर ती गुपचूप वाढते, आणि एखाद्या दिवशी भाकरी चावताना कॅप दाढेच्या तुकड्यासकट हातात येते. निरोप आणणाऱ्यालाच आपण घालवून दिलंय, आणि निरोप आला नाही म्हणून निवांत बसलोय.

अण्णा ऐकेनात. मग मी नको ते बोलले. "भिंतीपण दुखत नव्हत्या, अण्णा."

सास्तूरमध्ये यापुढचं सांगावं लागत नाही. १९९२ साली किल्लारीच्या परिसरात महिनोन्‌महिने धक्के बसत होते. लोक बाहेर झोपले. मग धक्के थांबले आणि माणसं पुन्हा दगडमातीच्या भिंतींच्या आत गेली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३.५६ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, त्याच भिंती अंगावर आल्या. आमची आज्जी त्यात गेली.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आम्हाला भिंत दिसत नव्हती व्हय? थंडीत म्हातारीला किती दिवस बाहेर निजवायचं? कधी होणार, हे कुणी सांगत नव्हतं."

मला लाज वाटली. दाढेचा वाद जिंकायला मी आज्जीला मध्ये आणलं होतं. आणि शेवट ठाऊक असलेल्या माणसाने, तो ठाऊक नसलेल्यांना शहाणपण शिकवणं फार सोपं असतं.

अण्णांनीच आणखी एक गोष्ट सांगितली. माळवद गळायला लागलं की वर मातीचा नवा थर टाकायचे. घराची काळजी म्हणूनच. थरावर थर चढत गेले आणि छप्पर जड होत गेलं. म्हणजे काहीतरी केलं की धोका टळतोच, असंही नाही. कॅपचंही तसंच. जुनी कॅप काढायची तर बहुतेकदा कापावी लागते. दर वेळी खालची दाढ थोडी झिजते, कमजोर असेल तर तुटूही शकते. 'कॅप दहा-पंधरा वर्षं टिकते' हे मी मोबाइलवर वाचलं होतं. पण तो सरसकट अंदाज आहे, अण्णांच्या दाढेची मुदत नाही.

शेवटी आम्ही उमरग्याला गेलो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, कडेवरून बारीक सुई फिरवली. कॅप घट्ट होती, कड बंद होती. काळी रेघ म्हणजे हिरडी सरकल्यामुळे उघडी पडलेली आतल्या धातूची कड. "आत्ता बदलायची गरज नाही. सहा महिन्यांनी दाखवा. कॅप हलली, हिरडी सुजली, वास यायला लागला, तर लगेच या."

अण्णा जिंकले म्हणून हसले. मला मात्र वाटतं, आम्ही दोघंही चुकलो होतो. ते न बघता 'राहू दे' म्हणत होते, मी न बघता 'काढा' म्हणत होते. त्यांची सवय बोलत होती, माझी भीती. जुनं झालं, एवढ्यावरून काढून टाकायचं ठरत नाही; पण आता बघायला हवं, एवढं नक्की ठरतं. बघितल्यावर काय करायचं हे ज्याची दाढ त्याने ठरवावं. आपल्या माणसावर आपला हक्क असलाच, तर त्याला डॉक्टरांपर्यंत नेण्याइतका.

भिंतींना त्या वेळी असं कुणी बघून सांगितलं असतं तर? हे मी अण्णांना विचारलं नाही. एप्रिलमधली तारीख त्यांच्या फोनवर लावून दिली. त्यांनी ती खोडलेली नाही.