कडी लागलेलीच नव्हती

अख्खा महाराष्ट्र जून २०२२ च्या या आठवड्यात, बंडखोर आमदार उतरलेल्या गुवाहाटीच्या एका हॉटेलच्या दाराकडे डोळे लावून बसला होता. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, कोण आत जाऊन पस्तावलं. खाली रस्त्यावर कोविडच्या दोन वर्षांनी वारकऱ्यांचे टाळ ऐकू येत होते, तिकडेही माझं धड लक्ष लागलं नाही. मी टेक्सासातल्या एका दाराशी अडकून पडलो होतो.

मंगळवारी ऑस्टिनमध्ये राज्याच्या सिनेटच्या समितीपुढे तिथले सार्वजनिक सुरक्षा संचालक स्टीव्हन मॅक्रॉ यांची साक्ष झाली. उवाल्डे गावातल्या ज्या शाळेत गेल्या महिन्यात गोळीबार झाला, तिथल्या वर्गाचं ते दार, ज्यासाठी किल्ल्यांचा शोध चालला होता, ते मुळात लागलेलंच नसावं. त्याला आतून कुलूप घालायची सोयच नव्हती. बाईंनी वर्गाबाहेर, कॉरिडॉरमध्ये येऊन किल्ली फिरवायची, अशी ती रचना. दार नीट लागत नाही अशी तक्रारही आधीच झालेली होती. हल्लेखोर शाळेत शिरल्यावर तीन मिनिटांत पुरेसे सशस्त्र पोलीस आत होते. मग ते थांबले. किती? मॅक्रॉ यांनीच सांगितलं, १ तास १४ मिनिटे ८ सेकंद. शाळेच्या पोलिसप्रमुखांनी मधल्या वेळात जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून लावून पाहिल्या, त्याही दुसऱ्या दारांना. ज्या दारापलीकडे मुलं होती त्याची मूठ कुणी फिरवून पाहिल्याचं चित्रणात दिसत नाही.

१९ मुलं. २ शिक्षिका.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर 'दुर्दैवी घटना' असं आलं, पुढे जोडलेले हात. या शब्दावर माझा जुना राग आहे, नेहमीच्या वाचकांना तो माहीत आहे आणि त्यांनी तो आणखी एकदा सोसावा. वीज पडून माणूस गेला तर दुर्दैव. अठरावा वाढदिवस झाल्याबरोबर काही दिवसांत एक पोरगा दुकानातून दोन रायफली रीतसर, पावती घेऊन विकत आणतो, यात दैवानं नेमकं काय केलं? त्याच पोराला त्याच गावात बिअर मिळाली नसती. तिला २१ वर्षं पूर्ण लागतात.

पण मला आज दाराबद्दलच बोलायचं आहे. या हत्याकांडानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून टेक्सासचे सिनेटर टेड क्रूझ सांगत सुटले की उपाय सोपा आहे, शाळेला आत-बाहेर करायला एकच दार ठेवा आणि तिथे हत्यारबंद पोलीस उभे करा. ही कल्पनाही त्यांची स्वतःची नव्हे. मे २०१८ मध्ये ह्यूस्टनजवळच्या सांता फे हायस्कूलमध्ये १० जण मारले गेले, तेव्हा राज्याचे लेफ्टनंट गव्हर्नर डॅन पॅट्रिक यांनी शाळांना आत-बाहेर करायच्या वाटा फार आहेत असं निदान केलं होतं. म्हणजे चार वर्षं हे राज्य दारं मोजतंय.

आता एकच दार असलेली शाळा डोळ्यांसमोर आणा. मी अशाच शाळेत शिकलो. फाटक एक, शिपाईमामा एक. प्रार्थनेची घंटा झाली की मामा फाटक लावत आणि त्यानंतर निम्मी शाळा कुंपणाच्या भोकातून आत येई. मामांना ते भोक ठाऊक होतं, हेडमास्तरांना ठाऊक होतं. बरं, भोक बुजवलं असं धरू. मग सकाळी पाचशे पोरं त्या एका दाराशी दप्तरं घेऊन रांगेत उभी. रायफल घेऊन येणाऱ्याला वर्ग शोधत हिंडायचे कष्टसुद्धा नकोत. यावर खिडक्यांचं काय करायचं, असं कुणी विचारेल. विचारू नये. नाहीतर उद्या खिडक्याही बुजवायचा ठराव येईल आणि पोरं दिवे लावून दुपारचा भूगोल शिकतील.

शाळांना जास्तीच्या वाटा मुळात कशाला हव्या असतात, हे तरी त्यांच्याच देशाला विचारायचं. १ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोच्या अवर लेडी ऑफ द एंजल्स शाळेला आग लागली. जिन्यावरून धूर वर चढला, कॉरिडॉर भरले, वरच्या वर्गातल्या पोरांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. ९२ मुलं आणि ३ जोगिणी गेल्या. त्यानंतर अमेरिकेनं शाळांच्या आगीचे नियम कडक केले, जिने, अलार्म, कवायती, सगळं. आपल्या कुंभकोणमला २००४ मध्ये ९४ मुलं जळाली तेव्हा आपणही अरुंद वाटांवर बरंच बोललो होतो. शिकागोनंतर नियम झाले याचं एक कारण मला नेहमी वाटतं: आगकाडी बाळगायचा घटनादत्त हक्क कुणी मागितला नव्हता.

आणि एकाच दाराच्या या भक्तांना दार म्हणजे काय ते कळत नाही असंही नाही. उवाल्डेनंतर तीनच दिवसांनी ह्यूस्टनमध्ये नॅशनल रायफल असोसिएशनचं अधिवेशन भरलं. क्रूझ तिथेही दारावरच बोलले. डोनाल्ड ट्रम्प यांचं भाषण ज्या सभागृहात होतं तिथे बंदूक आणायला बंदी होती, सुरक्षा यंत्रणेचा हुकूम. एरवी सज्जनाच्या हातातली बंदूक हाच एकमेव इलाज असं शिकवणारे हजारो सज्जन मुकाट्यानं रिकाम्या हातांनी आत गेले. दारावर नेमकं काय अडवायचं असतं, हे त्या दिवशी सगळ्यांना बरोब्बर ठाऊक होतं.

मानसिक आरोग्य, व्हिडिओ गेम, शिक्षकांच्या कमरेला पिस्तूल, हे सगळं ते बोलतात; बंदुकीचा विषय काढला की मात्र ही आत्ता बोलायची वेळ नव्हे. ठीक. पुढे जाऊ.

माझी भाची टेक्सासातच असते. तिचा मुलगा पहिलीत. परवा व्हिडिओ कॉलवर त्यानं मला त्यांची 'लॉकडाउन'ची कवायत दाखवली. मी विचारली नव्हती, त्यालाच दाखवायची हौस. फोन गादीवर टेकवला, दिवा घालवला, आणि टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसला. अंधारात फक्त त्याच्या बुटांचे दिवे चमकत होते, ते टाच आपटली की लागतात तसले. "मामाआजोबा, दार वाजलं तरी उघडायचं नाही. कुणी पोलीस आहे म्हणालं तरी नाही." मग जरा वेळानं, "पण हे बूट घालून जायचं नाही असं आई म्हणते, दिसतं ना." भाची कॅमेऱ्याबाहेर होती. ती काही बोलली नाही. मीही विषय बदलला, आमरसावर नेला.

माझी आजी काशीला गेली होती तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. काशीला गेलं की आवडती एक वस्तू सोडून यायची असते. आजोबांच्या मागे वर्षभरानं ती गेली आणि कारलं सोडून आली. कारलं तिनं जन्मात आवडीनं खाल्लं नव्हतं. गुरुजींनी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दुःख मात्र खरं होतं, त्यात खोट नाही. उवाल्डेच्या चौकातले २१ पांढरे क्रूस, त्यांच्याभोवतीची फुलं आणि टेडी पाहताना मला आजी आठवत राहिली. तिथे रडणाऱ्यांतल्या कुणाचं रडणं खोटं होतं असं म्हणायची माझी हिंमत नाही. मी एवढंच विचारतो, की शोक करताय ना, मग तुमच्या आवडीचं काय सोडलंत?

डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० चिमुरडी आणि ६ मोठी माणसं गेली, तेव्हा काहीच सोडलं नव्हतं. पुढल्या एप्रिलात बंदूक विकण्यापूर्वी चौकशी वाढवायचं कलम सिनेटात आलं, त्याला ५४ मतं पडली, ६० हवी होती. देशभर मेणबत्त्या मात्र पुष्कळ पेटल्या होत्या. स्कॉटलंडच्या डनब्लेनला १९९६ मध्ये १६ मुलं आणि त्यांच्या बाई मारल्या गेल्या, तेव्हा ब्रिटननं पुढच्या वर्षात खासगी पिस्तुलं जवळजवळ संपवली. त्यांनी कारलं नव्हे, आवडीचं श्रीखंड सोडलं म्हणायचं.

या गुरुवारी अमेरिकी सिनेटनं ६५ विरुद्ध ३३ मतांनी विधेयक मंजूर केलं. एकविसाच्या आतल्या गिऱ्हाइकाची जरा जास्त चौकशी, धोकादायक माणसाची बंदूक काढून घेणाऱ्या राज्यांना पैसे, असं आणि तसं. रायफलीचं वय अठराच राहिलं. त्याच गुरुवारी तिथल्या सुप्रीम कोर्टानं, ६ विरुद्ध ३, न्यूयॉर्कचा शंभराहून अधिक वर्षांचा निर्बंध रद्द केला. घराबाहेर पिस्तूल बाळगायला खास कारण दाखवा, एवढंच तो म्हणत होता. म्हणजे सकाळी श्रीखंडाची वाटी पुढे ओढली आणि रात्री कारलं सोडलं.

तरी, जवळजवळ तीस वर्षांनी काहीतरी सोडलं. कारलं तर कारलं. मी वयानुसार नरम होत चाललोय, बायको म्हणते तसा.

"आपल्याकडे निदान असलं होत नाही," असं कट्ट्यावर एकानं सुखावून म्हटलं. खरं आहे. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे आणि परवान्यासाठी माणसाच्या चपला झिजतात, त्या झिजू देत. पण फार छाती फुगवू नये. गेल्या दिवाळीत आमच्या सोसायटीतून दोन सायकली चोरीला गेल्या. तातडीची मीटिंग झाली, 'दुर्दैवी' हा शब्द इतिवृत्तात दोनदा आला, आणि एकमतानं मागचं फाटक कायमचं बंद करायचं ठरलं. नंतर कॅमेऱ्यात पाहिलं तर चोर सायकल हातात धरून पुढच्या फाटकातून गेला होता. वॉचमननं त्याला दार उघडून दिलं होतं.

मागचं फाटक अजून बंदच आहे. किल्ली सेक्रेटरींकडे असते, आणि सेक्रेटरी सध्या वारीला गेलेत.