चिंतेच्या दिवसांत ख्रिस्ताची शांती

उद्याची चिंता वाहू नये, ही प्रभूची आज्ञा आपणां सर्वांस पाठ आहे. परंतु ज्याचा कांदा शेतात काढून पडला आहे, आणि ज्याच्या मालाचा भाव दिल्लीहून निघालेल्या एका हुकुमाने एका रात्रीत खाली येऊ शकतो, त्यास ही आज्ञा सांगावी कशी? आणि सांगणारा जर दरमहा पगार घेणारा असेल, तर ती सांगण्याचा त्यास अधिकार तरी आहे काय? लासलगावच्या आसमंतातील ज्या उपदेशक बंधूंस रविवारी उभे राहून बोलावे लागते, त्यांच्यापुढे हा प्रश्न नित्य आहे.

निफाड तालुक्यातील वाचकांस पुढील हकीकत नवी नाही. इतरांकरिता ती थोडी विस्ताराने देतो. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर शेकडा ४० कर बसविला. त्याच्या निषेधार्थ लासलगाव व जिल्ह्यातील इतर बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. पुढे ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ती बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तेव्हा कर पुन्हा मागे लागला. तो सप्टेंबरात निम्मा झाला आणि १ एप्रिल २०२५ पासून समूळ गेला. कागदावर या पाच-सहा तारखा आहेत. शेतकऱ्याच्या घरी त्या लग्नाच्या, शाळेच्या फीच्या आणि सोसायटीच्या कर्जाच्या तारखा होत्या. त्यात डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचा हंगाम. उन्हाळ कांदा चाळीत भरून महिनेच्या महिने वाट पाहता येते. लाल कांदा टिकत नाही, तो आला की विकावाच लागतो. त्या दिवसांत 'धीर धरा' असे कोणी म्हटले असेल, तर त्यास एक तर शेतीची माहिती नव्हती किंवा शेजाऱ्याची.

तेव्हा प्रथम हे स्पष्ट म्हटले पाहिजे की, सर्व प्रकारची शांती ख्रिस्ताची नव्हे. एक शांती कान झाकून घेण्याची आहे. बातमी ऐकावयाची नाही, सभेस जावयाचे नाही, मत द्यावयाचे नाही, आणि यालाच भक्ती म्हणावयाचे. दुसरी, सर्व काही ठीक होईल अशी स्वतःची समजूत घालण्याची. यिर्मया संदेष्ट्याचा ज्या लोकांवर विशेष रोष होता, ते हेच. जखम न धुता वरून पट्टी बांधणारे. आपल्यातील पुष्कळ प्रार्थना या दुसऱ्या जातीच्या असतात, असे आम्हांस वाटते. भाव चढावा म्हणून आपण देवाजवळ मागतो आणि चढला म्हणजे शांती मिळाली असे साक्षीत सांगतो. तो आनंद खरा असेल, आणि त्याबद्दल उपकारस्तुती अवश्य करावी. परंतु भावाबरोबर येणारी वस्तू भावाबरोबरच जाते.

प्रभूने आपली शांती शिष्यांस केव्हा दिली, हे पाहावे. गालील समुद्रावर सकाळ प्रसन्न असताना नव्हे, तर धरला जाण्याच्या रात्री, जेवणाच्या पंक्तीस. तोही राजकीय धामधुमीचा काळ होता. सणाकरिता यरुशलेम लोकांनी भरले होते, रोमी शिपाई जागे होते, बंड होईल म्हणून मुख्य याजक धास्तावले होते. ज्याने शांती दिली तोच थोड्या वेळाने गेथशेमाने बागेत अत्यंत व्याकूळ झाला आणि प्याला टळावा म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. मग त्याची शांती गेली होती काय? आम्ही तसे समजत नाही. व्याकुळता आणि शांती एका अंतःकरणात एकत्र राहू शकतात; पित्याचा हात सुटला नाही, एवढेच त्या शांतीचे स्वरूप. ज्या बहिणीस कर्जाच्या काळजीने रात्री झोप येत नाही, तिला 'तुझा विश्वास कमी आहे' असे म्हणणाऱ्याने ती बाग पुन्हा वाचावी.

कोणी म्हणेल, शांती इतकी श्रेष्ठ तर मग राज्यकर्त्यांकडे गाऱ्हाणे कशाला? याचे उत्तर आपल्याच भागात आहे. नाशिकास काळाराम मंदिराच्या दाराशी २ मार्च १९३० पासून अस्पृश्य गणलेल्या बांधवांनी सत्याग्रह मांडला. दार उघडले नाही. लासलगावहून फार दूर नसलेल्या येवल्यास १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. त्या लोकांस त्या वेळी 'शांत राहा' असे सांगणे म्हणजे अन्यायाची बाजू घेणे झाले असते. आणि आपल्या मंडळ्यांतील ज्यांचे वाडवडील त्याच वाड्यांतून प्रभूकडे आले, त्यांचे गाऱ्हाणे तर अजून जुने झालेले नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध बांधवांचा त्यांत समावेश झाला, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. २०२२ साली केंद्र सरकारने या विषयावर आयोग नेमला. अशा बाबतीत अर्ज करणे, पुन्हा करणे, न्यायालयात जाणे, यांत विश्वासाची काहीच हानी नाही. पौलाने कैसराकडे दाद मागितली आणि तुरुंगातून पत्रे लिहिताना आनंदही केला. दोन्ही एकाच मनुष्याने केले.

मग फरक कोठे पडतो? आमच्या मते तो द्वेषात पडतो. चिंताग्रस्त मनुष्यास शत्रू लागतो. शेतकऱ्यास तो व्यापाऱ्यात दिसतो, व्यापाऱ्यास सरकारात, शहरातील गिऱ्हाइकास शेतकऱ्यात. आणि निवडणूक जवळ आली म्हणजे ज्याला त्याला शत्रू दाखविणारे पुष्कळ भेटतात, तो कधी परजातीचा असतो, कधी परधर्माचा. २०१८ साली याच तालुक्यातील एका शेतकऱ्याने ७५० किलो कांद्याचे आलेले १,०६४ रुपये पंतप्रधानांच्या मदतनिधीस मनिऑर्डरने पाठवून दिले. त्यात संताप होता, पण कोणाच्या घरावर दगड नव्हता. त्याच्या मनाचे आम्ही काय सांगणार! तरी ती रीत आम्हांस आवडली.

आणखी एक कठीण गोष्ट आहे. निर्यात थांबविली ती देशात कांदा स्वस्त मिळावा म्हणून. ते धोरण न्याय्य होते असे आम्हांस वाटत नाही; शहराची स्वस्ताई एकट्या शेतकऱ्याच्या पदरून का भरावी? तथापि मुंबईच्या झोपडीत पावशेर कांदा मोजून घेणारी बाईही आपली शेजारीण आहे. तिची भूक ज्यास दिसत नाही, त्याची प्रार्थना अर्धीच आहे. ख्रिस्ताची शांती असलेल्या मनुष्यास आपल्या संकटापलीकडे पाहण्यास जागा उरते. भयाने भरलेल्या घरात पाहुण्यास जागा नसते.

उपदेशक बंधूंस एक व्यवहाराची सूचना करतो. उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करताना नुसती नावे वाचून पुढे जाऊ नये. कोणता हुकूम निघाला, तो कोणास लागला, हे साध्या शब्दांत देवापुढे मांडावे. पक्षाची भाषा तेवढी बाहेर ठेवावी. आणि शेतकऱ्याबरोबर हमाल, मापाडी व शेडमध्ये कांदा निवडणाऱ्या बाया यांची आठवण करावी. लिलाव बंद पडला म्हणजे शेतकऱ्याचा माल निदान दारात असतो. यांची त्या दिवसाची मजुरी गेलीच. अशा घरांत किती दिवसांचे धान्य शिल्लक असते, हे मंडळीच्या वडिलांनी आताच फिरून विचारून ठेवावे. पुढचा बंद केव्हा पडेल, ते आधी कळत नाही.