नियमांत नसलेली खाट

सरकारी नियमांनुसार रस्त्यावरची रुग्णवाहिका चार प्रकारची असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने 2018 पासून लागू केलेल्या एआयएस-125 या मानकाने हे वर्गीकरण केले आहे. टाइप ए हे प्रथम प्रतिसादाचे वाहन. ते रुग्णापाशी पोचून जागेवर उपचार देते, पण त्याला आडवे झोपवून नेऊ शकत नाही. टाइप बी तातडीचे उपचार लागणार नाहीत अशा रुग्णाची ने-आण करते, टाइप सी ही मूलभूत जीवरक्षक रुग्णवाहिका आणि टाइप डी प्रगत. आतल्या कक्षाची मापे, स्ट्रेचर, प्राणवायू, दिवे, भोंगा अशा सगळ्या गोष्टी या मानकात ठरवून दिल्या आहेत, आणि ते आवश्यकच होते. एखाद्या व्हॅनमधली बाके काढून बाहेर लाल अक्षरे रंगवली की ती रुग्णवाहिका, असा कारभार देशात पुष्कळ वर्षे चालला. पण या चारही प्रकारांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: रुग्ण आणि गाडी यांच्यामध्ये फार तर एक जिना किंवा एक गल्ली असेल. गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांतल्या कितीतरी टोल्यांवर पावसाळ्यात हे गृहीतक टिकत नाही. तिथे आजारी माणसाचा प्रवास खाटेवर सुरू होतो. खाटेला दोर बांधून, त्यातून बांबू घालून तिची कावड करतात आणि नातेवाईक आळीपाळीने खांदा देत नाले ओलांडतात. ही खाट ए नाही, बी नाही, डी तर नाहीच. ती नियमांत नाही म्हणून तिची जबाबदारी कुणाची नाही, तिची नोंद होत नाही आणि खांदा देणाऱ्याला मजुरी मिळत नाही. आपल्याकडे आपत्कालीन सेवेचे नियम कमी आहेत अशातला भाग नाही. त्यांची व्याख्या उशिरा सुरू होते, आणि जंगलात माणसे दगावतात ती बहुधा व्याख्या सुरू होण्याआधीच.

सप्टेंबर 2024 मध्ये अहेरी तालुक्यातल्या पत्तीगावची घटना राज्यभर गाजली. तापाने फणफणलेल्या दोन लहान भावांना आधी पुजाऱ्याकडे नेले गेले. पुढे जिमलगट्ट्याच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी दोघांना मृत घोषित केले, आणि आईवडील दोन्ही मृतदेह खांद्यावर घेऊन सुमारे 15 किलोमीटर चिखल तुडवत निघाले. चित्रफीत सगळीकडे पसरली, विरोधकांनी सरकारला धारेवर धरले आणि प्रशासनाने सांगितले की देचलीहून गाडी मागवली जात होती, पण आईवडील थांबले नाहीत. दोन्ही बाजूंचे म्हणणे एकाच वेळी खरे असू शकते. त्या वादात एक प्रश्न मात्र कुणी नीट विचारला नाही: मूल मृत घोषित झाल्यावर त्याला घरी पोचवण्याचे काम नेमके कोणत्या गाडीचे? 108 क्रमांकाच्या आपत्कालीन सेवेची गाडी जिवंत आणि अत्यवस्थ माणसासाठी असते. मृतदेहासाठी शववाहिका हवी, आणि ती दुर्गम आरोग्य केंद्राच्या दारात उभी नसते. अमेरिकेत 1966 पर्यंत उलटी स्थिती होती. त्या वर्षी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर प्रसिद्ध केलेल्या अहवालाने दाखवून दिले, की देशातली जवळपास निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिक चालवत होते. आडवे झोपवता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची, एवढेच कारण. त्यानंतर तिथे मानके आली, प्रशिक्षण आले आणि दोन गाड्या वेगळ्या झाल्या. हे वेगळे करणे बरोबरच होते. जंतुसंसर्ग टळावा आणि पुढच्या रुग्णासाठी गाडी मोकळी राहावी, ही दोन्ही कारणे आजही पटण्यासारखी आहेत. पण कामाची विभागणी करायची आणि दुसरा भाग कुणाकडेच सोपवायचा नाही, याला विभागणी म्हणता येत नाही.

2024 च्याच जुलैत भामरागड मार्गावर कुडकेलीजवळ बांधकामाधीन महामार्गाचा वळणरस्ता पुराने वाहून गेला आणि एका गरोदर महिलेला जेसीबीच्या बादलीत बसवून पलीकडे न्यावे लागले. चालकाने आणि तिथल्या माणसांनी जे केले ते योग्यच केले. मुद्दा असा की त्या दिवशी तिच्या प्रवासातला सर्वांत धोक्याचा टप्पा ज्या यंत्राने पार पाडला, ते आरोग्य सेवेच्या कोणत्याही कागदावर नाही. मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी 1994 मध्ये तीन विलंबांची मांडणी केली: मदत घेण्याचा निर्णय होण्यातला विलंब, दवाखान्यापर्यंत पोचण्यातला विलंब आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. आपले नियम तिसऱ्यावर बरेच बोलतात, दुसऱ्याच्या उत्तरार्धावर थोडेफार. खाट, नाला, डोंगा आणि जेसीबी हे सगळे दुसऱ्या विलंबाच्या पूर्वार्धात येते.

थोडे गणित करू. महाराष्ट्रात 108 ची सेवा 26 जानेवारी 2014 रोजी सुरू झाली तेव्हा 937 गाड्या होत्या, 233 प्रगत आणि 704 मूलभूत. आखणीचे माप लोकसंख्येचे: साधारण एक लाख माणसांमागे एक मूलभूत गाडी आणि पाच लाखांमागे एक प्रगत. गडचिरोली जिल्ह्याची 2011 ची लोकसंख्या 10 लाख 73 हजारांच्या आसपास. म्हणजे या मापाने जिल्ह्याच्या वाट्याला फार तर 13 गाड्या येतात. जिल्ह्याचे क्षेत्रफळ आहे 14,412 चौरस किलोमीटर, तेव्हा एका गाडीच्या वाट्याला सुमारे 1,100 चौरस किलोमीटर आले. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून जेमतेम 600 चौरस किलोमीटर भरतात. लोकसंख्येचे माप दिसायला समान आहे, पण एका चौरस किलोमीटरमध्ये 74 माणसे राहतात तिथे त्याचा अर्थ अंतर असा होतो, आणि मापात अंतर कुठेच नाही. सरकारला हे कळत नाही असेही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट प्रदेशात 30 हजार लोकांमागे एक आणि आदिवासी-डोंगरी भागात 20 हजारांमागे एक, उपकेंद्र पाच हजारांऐवजी तीन हजारांमागे, ही सवलत जुनी आहे. म्हणजे इमारतीसाठी आपण भूगोल मान्य करतो, मग चाकांवरच्या सेवेसाठीही तो तेवढ्याच ठामपणे मान्य करायला हवा. 108 ची गाडी शहरात 20 मिनिटांत आणि ग्रामीण भागात 30 मिनिटांत पोचावी, अशी अपेक्षा आहे. ही मिनिटे गाडीची आहेत. गाडी डांबरी रस्त्याच्या टोकाशी वेळेत येऊन उभी राहिली तर तिचे काम चोख झाले. खाटेवरचा माणूस त्या टोकाला यायला तीन तास लागले, तरी त्या 30 मिनिटांना काही बाधा येत नाही.

काळाच्या व्याख्येत आणखी एक गोम आहे. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ‘गोल्डन अवर’ची व्याख्या आली: जखमी झाल्यानंतरचा एक तास, ज्यात तत्काळ उपचारांनी प्राण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्याच कायद्याच्या आधारे मे 2025 मध्ये रस्ते अपघातातील जखमींसाठी दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडविरहित उपचारांची योजना अधिसूचित झाली. याच जिल्ह्यातल्या सुरजागडच्या लोहखनिजाची अवजड वाहतूक ज्या रस्त्यांवरून धावते, तिथल्या लोकांना या योजनेचे मोल सांगायला नको. पण ही व्याख्या मोटारीच्या अपघाताशी बांधलेली आहे. धानाच्या बांधावर साप चावला, बाळंतपणात रक्तस्राव थांबेना, मलेरियाच्या तापात मूल बेशुद्ध पडले, तर इथेही घड्याळ तितक्याच निर्दयपणे चालते, मात्र कायद्यात त्या तासाला नाव नाही. आणि गंमत पाहा, गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश हा अपघातच धरला जातो. शेतकरी दगावला की वारसांना दोन लाख रुपये मिळू शकतात. मेल्यानंतर जो अपघात ठरतो, तो जिवंतपणी अपघाताच्या तासाला पात्र नाही.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप असा की व्याख्यांनी कुणी वाचत नाही. रस्ते आणि पूल बांधा, हे शब्दांचे खेळ सोडा. रस्ते हवेतच, आणि गेल्या काही वर्षांत या भागात ते झपाट्याने होतही आहेत. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. हे दरवर्षीचे आहे, अनपेक्षित नाही. शेवटच्या टोल्यापर्यंत बारमाही रस्ता पोचेपर्यंतची वर्षे आणि त्यानंतरचेही पुराचे दिवस धरूनच नियम लिहावे लागतील. शिवाय व्याख्या कोरड्या असतात हे खरे नाही, त्यांना पैसा चिकटलेला असतो. जून 2011 मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात आणि परत घरी असा मोफत प्रवास हा मातेचा हक्क ठरवला. त्यामुळेच त्यासाठी निधी ठेवता आला, आणि गाडी आली नाही तर जाब विचारता आला. ‘घरून’ हा शब्द तिथे आहेच, फक्त त्याचा अर्थ ‘गाडी जाईल तिथून’ असा लावला जातो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो आणि मला तो अधिक गंभीर वाटतो. खाट, दुचाकी, डोंगा यांना नियमांत जागा दिली, तर शहराला सुसज्ज व्हॅन आणि आदिवासीला बांबूची कावड अशी दुय्यम दर्जाची सेवा कायमची अधिकृत होईल, असे आक्षेपकांचे म्हणणे आहे. ही भीती निराधार नाही, कारण तात्पुरत्या सोयी कायम होण्याचा आपल्याकडचा अनुभव मोठा आहे. पण याच जिल्ह्याने एक वेगळा दाखलाही दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच, फारसे न शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला आणि जंतुदोषावर इंजेक्शन द्यायला शिकवले, तेव्हा हेच कुणी म्हणू शकले असते. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अभ्यास आला. त्या गावांतले नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते, आणि पुढे घरोघरी नवजात काळजीची ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर नेली गेली. दर्जा राखला गेला तो भूमिकेची आखणी काटेकोर होती म्हणून: कोण, काय, किती प्रशिक्षणानंतर आणि कुणाच्या देखरेखीखाली. त्या स्त्रियांना अनौपचारिकच ठेवले असते तर ती सेवा खरोखर दुय्यम ठरली असती. आज खाट उचलणारे नेमके याच अवस्थेत आहेत. मणक्याला मार लागलेला माणूस कसा उचलावा, दंश झालेल्या पायाची हालचाल कशी रोखावी, बाळंतिणीला कोणत्या कुशीवर ठेवावे, हे त्यांना शिकवण्याची जबाबदारी कुणाची, याचे उत्तर नियमांत नाही.

खर्चाचा आक्षेप त्यामानाने लवकर निकालात निघतो. 1992 मध्ये कोलकात्याजवळ रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले. त्यावरून उभ्या राहिलेल्या पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या. तातडीचे उपचार हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पैशांची चणचण हे तो नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. तसेही इथे मागणी महागड्या यंत्रांची नाही. शेजारच्या छत्तीसगडमधल्या नारायणपूर जिल्ह्यात, म्हणजे भामरागडच्या पलीकडच्या अबुझमाडात, बाजूला झोपण्यापुरती जागा जोडलेल्या दुचाकी रुग्णवाहिका चालवून पाहिल्या आहेत. संरक्षण संशोधन संस्थेने जानेवारी 2021 मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाला ‘रक्षिता’ ही दुचाकी दिली, तीही नक्षलग्रस्त जंगलातून जखमी जवानाला रेलून बसवून बाहेर काढण्यासाठी. ती टाइप ए पेक्षा जास्त काम करते आणि टाइप सी एवढी जागा तिच्यात नाही. जवानासाठी ही मधली पायरी मान्य झाली असेल, तर त्याच जंगलातल्या गरोदर बाईसाठी ती मान्य व्हायला कसली अडचण आहे?

2024 मध्ये मंजूर झालेल्या राज्याच्या नव्या योजनेत 1,756 वाहनांची तरतूद आहे. त्यात 166 दुचाकी, 36 बोटी आणि नवजात बाळांसाठी 25 खास गाड्या धरल्या आहेत. बोटीला रुग्णवाहिका म्हणणे ही मोठी गोष्ट आहे, कारण त्यात पाणी हा अडथळा न मानता मार्ग मानला गेला. त्यातल्या किती इंद्रावती-प्राणहितेच्या खोऱ्याच्या वाट्याला येतात आणि किती अन्यत्र जातात, यावरून कळेल की माप लोकसंख्येचे राहिले की अंतराचे झाले. या योजनेच्या करारांमध्ये आणखी तीन कलमे घालता येतील. रस्त्याच्या टोकापर्यंत रुग्ण आणणे हा सेवेचाच टप्पा मानावा. तो पार पाडणाऱ्या प्रशिक्षित गावकऱ्यांना ठरलेला मोबदला मिळावा. मृतदेह घरी पोचवण्याची जबाबदारी आरोग्य केंद्राच्या नावावर चढवावी. शिवाय 108 च्या नोंदीत एक रकाना वाढवावा, रुग्ण घरून निघाल्याच्या वेळेचा. ही वेळ आशा सांगू शकते, नातेवाईक सांगू शकतात. अचूक नसली तरी चालेल. खाटेवरचे तास एकदा कागदावर आले, की 30 मिनिटांची सरासरी वाचणाऱ्या मुंबईतल्या अधिकाऱ्याला त्या सरासरीच्या शेजारीच हा दुसरा आकडाही वाचावा लागेल.

यात एक अवघड गाठ राहते, सीमेची. अहेरीहून प्राणहितेवरचा पूल ओलांडला की तेलंगण लागते, सिरोंच्याहून गोदावरी ओलांडली तरी तेच. तिकडेही क्रमांक 108 च आहे, पण नियंत्रण कक्ष वेगळा, करार वेगळा आणि चालवणारी संस्थाही वेगळी. सिरोंच्याच्या रुग्णासाठी गडचिरोलीपेक्षा पलीकडचे मोठे रुग्णालय जवळ पडत असेल, तर गाडीने राज्याची सीमा ओलांडावी की नाही, हे चालकाच्या किंवा गाडीतल्या डॉक्टरच्या धाडसावर सोडता येणार नाही. दोन राज्यांनी बसून ते लिहून काढायला हवे: कोणत्या तालुक्यातून, कोणत्या प्रकृतीचा रुग्ण, कोणत्या रुग्णालयापर्यंत, आणि परतीचे डिझेल कुणाच्या खात्यात.